लाल गाडीतले दोष

"दाराकडे असं बघत बसलात तर ते काही सांगणार नाही. बोटाने वाजवून बघा."

मागून आवाज आला. मी वळलो. बारीक पाऊस पडत होता आणि एक मुलगी डोक्यावर सीटचं प्लॅस्टिक कव्हर धरून उभी होती. तिच्या नाकाच्या शेंड्यावर पावसाचा एक थेंब होता. तो आता पडेल, मग पडेल, म्हणून मी बघत राहिलो आणि उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

"वाजवा की," ती म्हणाली.

मी लाल गाडीच्या दारावर टकटक केली.

"आता पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर."

केली. आवाज बसका आला.

"ऐकलंत? आत पुट्टी भरलीय. कुणीतरी हिला ठोकलंय."

"लाशिन!" पत्र्याच्या शेडमधून अबू राजी ओरडला. गाडी त्याची, विकणारा तो. "बापाचे रंगाचे डबे न्यायला आलीस ना? ते उचल आणि चालती हो. माझं गिऱ्हाईक बिघडवू नकोस!"

"बिघडवत नाहीये, काका. सुधारतेय."

अम्मानच्या बयादर भागात अबू राजीचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. मी तेव्हा गच्च्यांवर सूर्यबंब बसवायचं काम करायचो. येता-जाता ती लाल, दोन आसनांची, टप उघडणारी स्पोर्ट्‌स कार दिसायची आणि माझा पाय तिथेच अडायचा. गाडी कशी पारखतात ते मला येत नव्हतं. लाशिनला येत होतं. शेजारच्या गल्लीत तिच्या वडिलांचं गाड्या रंगवायचं गॅरेज होतं आणि ती त्यातच वाढली होती.

"कुणाच्या घरचे तुम्ही?" तिने विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे आपल्यातलेच! तरीच. आपल्या मुलांना घोडा दिसला काय, गाडी दिसली काय, अक्कल आधी पळते."

"आणि आपल्या मुलींना?"

"आम्हाला मुलगा दिसला तरी अक्कल जागेवर असते." ती हसली, डबे उचलले आणि गेली.

आम्ही चेर्केस, आमचे पूर्वज कॉकेशसच्या डोंगरांतून जॉर्डनला आले; आमच्यात तरुण मुलामुलींनी चारचौघांत एकमेकांची थट्टा करायची रीत आहे. प्रेमाच्या गोष्टीसुद्धा थट्टेतच बोलायच्या. मोठी माणसं ऐकतात आणि ऐकलं नाही असं दाखवतात. फार छान रीत आहे. फक्त तिच्यात एक अडचण आहे... खरं कुठलं आणि गंमत कुठली, ते कळत नाही.

लाशिनला जाऊन आता वर्ष होऊन गेलं. घरात माझी चूक काढणारं कुणी उरलं नाही. हे लिहिताना मात्र तिचा आवाज ऐकू येतो, म्हणून लिहितोय.

पुढच्या आठवड्यात मी गॅरेजात जाऊन तिला म्हणालो, "पुट्टी असू दे. बाकीची गाडी बघायला याल?" तिच्या वडिलांनी रंगाचा फवारा थांबवला, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुरू केला. ती आली, पण मामेबहीण मेरेमला घेऊन. मेरेम जाड, हसरी आणि कायम काहीतरी खाणारी.

अबू राजीने किल्ली पुढे केली. लाशिनने ती घेतली नाही. आधी बॉनेटवर तळहात टेकला.

"काका, ही कोमट आहे."

"उन्हात होती."

"कुठल्या उन्हात?" वर आभाळ भरून आलेलं होतं. "आम्ही यायच्या आधीच तुम्ही चालू करून ठेवलीत. गार असताना कशी चालू होते ते आम्हाला कळू नये म्हणून."

"थंडी आहे, मुली! तिलाही हुडहुडी भरते."

"मग आम्ही उद्या येतो. तोवर तिला रजई घाला."

अशा माझ्या चकरा सुरू झाल्या. कधी गार इंजिन, कधी धुराचा रंग. एकदा तिने तेलाचं झाकण उघडून माझ्या नाकापाशी धरलं. "बघा, आत दुधासारखा फेस आहे का? असला तर तेलात पाणी जातंय." मला फेस दिसला नाही. तिच्या बोटांना लागलेला पिवळा रंग दिसला. एकदा पुढच्या टायरवरून तिने माझाच हात फिरवून नेला, "आतली बाजू जास्त झिजलीय, लागतंय का?" मी म्हणालो, नाही लागत. म्हणून पुन्हा फिरवावा लागला.

दर वेळी काहीतरी दोष निघायचा. अबू राजी शिव्या घालत तो दुरुस्त करून घ्यायचा, कारण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

मग राहिला टप. तो गळतो का ते बघायला हवं होतं आणि नेमका त्या दिवशी पाऊस नव्हता. मेरेमने आवारातला पाण्याचा पाइप घेतला. आम्ही दोघं आत बसून काचा वर केल्या. वरून पाण्याचा धबाधब आवाज... आणि आत एकदम शांत.

"थेंब पडला तर सांगा," लाशिन म्हणाली.

"बरं."

"कोपऱ्यात बघा. शिवणीवर."

"बघतोय."

"माझ्याकडे बघताय."

"तुमच्यामागेच शिवण आहे."

तेवढ्यात माझ्या मानेवर थेंब पडला. बर्फासारखा गार. मग दुसरा. मी हूं की चूं केलं नाही. सांगितलं असतं तर तपासणी संपली असती आणि उतरावं लागलं असतं. मेरेम बाहेरून ओरडली, "पुरे का?" मी म्हणालो, "अजून थोडं!"

लाशिनने माझ्या शर्टाकडे पाहिलं. "तुझी कॉलर ओली झालीय."

तुझी. पहिल्यांदाच.

"घाम आहे," मी म्हणालो.

"डिसेंबरात?"

पण ती उतरली नाही. शेवटी मेरेमचाच हात दुखायला लागला.

त्यानंतर मी माझ्या काकांना तिच्या वडिलांकडे मागणी घालायला पाठवलं. त्यांनी कॉफी दिली, मान दिला आणि सांगितलं, थोरलीचं लग्न होईपर्यंत धाकटीचा विषय या घरात निघणार नाही. थोरली शिकायला परदेशी होती आणि लग्नाचं नाव काढत नव्हती.

अशा वेळी आमच्यात एक जुनी वाट आहे. मुलगा मुलीला पळवून नेतो. तिच्या मर्जीने. एका मानाच्या माणसाच्या घरी तिला ठेवतात, मग दोन्हीकडचे वडीलधारे बसतात, थोडं रागावतात आणि लग्न लावून देतात. बाप रागावतो तेही बरंचसं रीतीपुरतं. पण सगळं मुलीच्या मर्जीवर. आणि लाशिनची मर्जी मला ठाऊक नव्हती. ती माझ्याशी बोलायची ते सगळं गाडीबद्दल, आणि गाडीखेरीज जे काही, ते थट्टेत. सरळ विचारावं आणि ती खो-खो हसली तर? मग गॅरेजात कुठल्या तोंडाने जाणार?

मी ठरवलं, आधी गाडी घ्यायची. लाल गाडी, उघडा टप, शेजारी ती. दारात जाऊन उभा राहिलो की तिला आपोआप समजेल. रात्री डोळे मिटले की मला हेच दिसायचं.

अबू राजीने टप शिवून घेतला. टायर बदलले. पुट्टीचा पत्रा काढून नवा बसवला. लाशिन गाडीभोवती फिरली, वाजवलं, वाकून खालून पाहिलं. मेरेम दारात उभी राहून सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होती. अबू राजीने हात पुढे केला. "चल पोरा, हातावर हात मार. माझे केस पांढरे झाले या गाडीपायी."

मी हात उचलला.

"थांब," लाशिन म्हणाली. "अजून एक दोष आहे."

"या अल्ला!" अबू राजी कळवळला. "आता काय? हॉर्नचा सूर?"

लाशिन गाडीकडे बघत होती. माझ्याकडे नाही. तिचे कान लाल झाले होते.

"मेरेम कुठे बसणार?"

"मेरेम?" मी म्हणालो. "तिचा काय संबंध? गाडी तर मी घेतोय."

मेरेमचं चघळणं थांबलं. अबू राजीने माझ्याकडे बघितलं, मग लाशिनकडे, आणि कपाळावर हात मारून तो टायरच्या ढिगावर बसला.

"अरे शहाण्या! मी तुमच्यातला नाही, पण जन्म तुमच्या शेजारात गेला. मला कळलं आणि तुला कळत नाही? तुमची मुलगी पळून जाताना एकटी जाते का कधी?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मुलगी पुरुषाबरोबर एकटी जात नाही. बहीण किंवा मैत्रीण गाडीत तिच्याजवळ बसते, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आणि मी इतके दिवस दोन आसनांच्या गाडीभोवती घिरट्या घालत होतो.

"लाशिन... तू गंमत करतेयस?"

"गाडीच्या बाबतीत," ती म्हणाली, अगदी हळू, "मी कधी गंमत केलीय?"

मेरेमने माझ्या हातावर मूठभर बिया ठेवल्या. "खा. रंग उडालाय तुझा."

"म्हणजे माझी गाडी बोंबलली!" अबू राजी म्हणाला.

लाशिनने हसत हसत डोळे पुसले आणि त्याच्याकडे वळली. "काका, चार दारांची काही आहे का?"

होती. मागच्या भिंतीशी एक जुनी दुधी रंगाची सेडान. एक दार दोरीने बांधलेलं, आत मेंढ्यांचा वास.

"वाजवून बघत नाहीस?" मी विचारलं.

"काय वाजवायचं? सगळं दिसतंच आहे की. घे."

ईद होऊन गेल्यावर एका संध्याकाळी आम्ही निघालो. त्या दोघी मागे, मी पुढे एकटा. मेरेमने वाटेत खायला पनीर भरलेल्या करंज्यांचा डबा घेतला होता आणि तो गाव सोडायच्या आत संपवला. मी आरशात बघायचो.

"रस्त्याकडे बघ," मागून आवाज यायचा. थोड्या वेळाने, "इनाल. रस्त्याकडे."

अम्मानजवळच्या नाऊरला काकांचे एक वृद्ध मित्र राहायचे, त्यांच्या दारात गाडी थांबवली. त्यांच्या बायकोने लाशिनला जवळ घेतलं, मेरेमलाही आत नेलं. मला आत जायची मुभा नव्हती. लग्नापर्यंत मुलाने तिकडे फिरकायचंही नाही, अशी रीत. मी फाटकापाशी उभा राहिलो. पाय निघेना.

दार पुन्हा उघडलं. लाशिन उंबऱ्यावर आली.

"अजून इथेच?"

"निघतोच आहे."

"मग निघ ना."

"हो... तू आहेस ना आत?"

ती हसली. तिच्या मागे दिवा होता, त्यामुळे चेहरा नीट दिसत नव्हता, पण हसली ते कळलं.

"मी कुठे जातेय?" ती म्हणाली. "जा तू. सावकाश जा."