पाचवी खुंटी

आमच्या सुनेला, अर्पिताला, एखादी वस्तू आपल्या जागेवर सुखानं बसलेली बघवत न्हाई. दुपारी भांडी घासून झाली की फोन माठाला टेकवून ठेवती आन् त्यातल्या बाया बघत बसती. त्या बाया रिकाम्या बरण्यांना रंग फासतात, जुन्या पँटीच्या पिशव्या शिवतात, फळ्या ठोकतात. दुसऱ्या दिवशी आमच्या घरात बी तेच सुरू. माझा तिखटाचा डबा माझ्या सासूच्या हातचा. तो माळ्यावर गेला आन् तिखट काचेच्या बरणीत आलं. बरणीवर चिठ्ठी. मी शाळेत दुसरीपस्तोर गेल्ते, अक्षर लावून लावून वाचलं : ति, ख, ट.

"बाई," मी म्हटलं, "लालभडक दिसून राह्यलंय. मी काय ते साखर म्हणून चहात टाकणार हाये?"

ती हसली. माझ्या बोलण्यावर ती नुसती हसती, हीच तिची खोड. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

माझा लेक कल्याण इथं आष्टीतच खताचं दुकान चालवतो. त्यानं बायकोला ड्रिल मशीन आणून दिली. त्या दिवसापासून घराची एक भिंत धड राह्यली न्हाई.

मागच्या दाराशी, न्हाणीच्या बाजूला, तिनं सागाची लांब फळी घासून, पॉलिश मारून बसवली. फळीत लाकडी खुंट्या. ज्याचा टॉवेल, ज्याची पिशवी, त्याच्या खुंटीला. कामाची वस्तू होती, खोटं कशाला बोलू? पण घरात आम्ही चौघं. मी, कल्याण, अर्पिता आन् नात जान्हवी. खुंट्या पाच.

"ही शेवटची कोणाची?"

"कोणाचीच न्हाई, आत्याबाई. फळी लांब निघाली. शेवटी बोडकं दिसत होतं. पाहुण्यांना होईल."

आमच्या घराण्यात खुंटीची रीत हाये. माणूस आलं की त्याच्या नावानं खुंटी ठोकतात. सून उंबरा ओलांडून आत आली की पहिलं काम ते. माणूस गेलं की तेराव्याला त्याची खुंटी उपटायची आन् भोक मातीनं लिंपायचं. मालकांची मी माझ्या हातानं उपटली. बिनमाणसाची खुंटी आमच्या भिंतीत कधी राह्यली न्हाई. हे मी अर्पिताला बराबर सांगितलं. ती हसली.

ऊन तापायला लागल्यावर एका सकाळी त्या खुंटीला पंचा दिसला. पांढरा, निळ्या काठाचा, नीट पिळून टाकलेला. ओला.

मी घाबरणाऱ्यातली बाई न्हाई. ज्वारीच्या राखणीला शेतातल्या माळ्यावर एकटी झोपलेली हाये. मी आधी दाराची कडी बघितली. आतून लावलेली. शेजारच्या सत्यशीलाला विचारलं, तिचा न्हाई. पंचा नाकाला लावला. आमच्या साबणाचा वास नव्हता. बंद घर खूप दिवसांनी उघडल्यावर जसा येतो, तसा वास होता. मी तो अंगणात दोरीवर टाकला. शेजारी खाटेवर पापड वाळत होते, ते जेवणाच्या आधी कडक झाले. पंचा दिवस मावळला तरी ओलाच.

"तुमचाच आसल, आत्याबाई," अर्पिता म्हणाली. "जुन्या ट्रंकेतला."

मंग खुंटीखाली चपला आल्या. गडीमाणसाच्या, टाचा झिजलेल्या. तोंड घराच्या आत.

चपलांचं मला काही वाटलं न्हाई. वाटलं ते याचं, की कोणी विचारीना. अर्पिता तो पंचा आमच्या कपड्यांत धुवायला लागली. फरशी पुसताना चपला उचलून, पुसून, परत तशाच ठेवायला लागली. मी मिरच्या निवडायला त्या दाराशी बसले तर जान्हवी म्हणाली, "आज्जी, तिथं नको बसू. ती त्यांची जागा हाये."

"कोणाची गं?"

"त्यांची." पोरगी माझ्याकडं अशी बघत राह्यली, जसं काय मी तिला तिच्या बापाचं नाव विचारलं.

जेवताना कल्याणनं ताटातून मान वर न करता विचारलं, "त्यांचं झालं?"

"झाकून ठेवलंय," अर्पिता म्हणाली.

सकाळी ते ताट मोरीत पडलेलं. भाकर खाल्लेली, वांग्याची भाजी तशीच. भाजी मी केल्ती. मी मागच्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "माझ्या हातचं चालत न्हाई त्यानं आपल्या घरी जेवावं! हा काय लग्नाचा मांडव हाये व्हय?"

त्यानंतर रोज ताट चाटून पुसून लख्ख.

मी कल्याणला धरलं. "घरात माणसं किती रे?"

"पाच." बिलकुल अडखळला न्हाई.

"नावं सांग."

"तू, मी, अर्पिता, जान्हवी..." तो थांबला. तोंड उघडंच. डोळे न्हाणीकडं गेले. मंग माझ्या खांद्यावर हळूच हात ठेवून म्हणाला, "माय, आताशा तुला काही आठवत न्हाई. जालन्याला दाखवू एखाद्या डॉक्टरला. तोवर बेबीनंदाकडं जाऊन राह्य. तुझीच लेक हाये, पिंपळगावला रेणुकाईचं दर्शन बी होईल."

मला तेव्हा लख्ख कळलं. मी या उंबऱ्याबाहेर पडले की घरात परत चारच माणसं राहणार. एक खुंटी पाहुण्यांना मोकळी राहणार. फक्त त्या चारांत मी नसणार.

"म्हातारी मी झाले, मोजणं तुम्ही विसरलात," मी म्हटलं. "मी कुठं जात न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी कल्याण दुकानात, अर्पिता जान्हवीला घेऊन वह्या आणायला गेल्ती. मी तिचीच पक्कड काढली. तिच्या त्या खोक्यात प्रत्येक अवजाराला वेगळा कप्पा हाये, जल्दी सापडली. एवढं तिचं बरं.

खुंटी निघेना. भिंतीला पाय रोवला. लाकडातली खुंटी, पण दाढ निघावी तशी निघाली, हलत, हिसके देत. भोकात बोट घातलं. आत ओल होती. पुढं बोटाला भिंत लागली न्हाई.

मी बोट जल्दी काढलं.

पांढरी माती भिजवली आन् भोक दाबून लिंपलं. पंचा, चपला, खुंटी, सगळं नेऊन उकिरड्यावर टाकलं. हात धुतले. चहा करून प्याले.

संध्याकाळी तिघं बरोबरच आली. अर्पितानं लिंपलेली जागा बघितली. हसली न्हाई. बाहेर गेली आन् उकिरड्यावरून पंचा घेऊन आली. पाणी ठिबकत होतं. माझ्या खुंटीवरचा माझा टॉवेल काढला, चार घड्या घातल्या, माझ्या पिशवीत ठेवला. माझी लुगडी पिशवीत आधीच भरलेली होती. मंग पंचा माझ्या खुंटीला लावला आन् काठ सारखा केला.

"तुम्ही चाललातच ना, आत्याबाई," ती म्हणाली. गोड आवाजात.

तेव्हाच न्हाणीत पाणी पडायला लागलं. तांब्यातांब्यानं, अंगावर पडावं तसं.

कल्याण माझ्यासमोर. अर्पिता समोर. जान्हवी पायरीवर.

मी पंचा ओढून जमिनीवर फेकला. पिशवीतून टॉवेल काढून माझ्या खुंटीला अडकवला.

"माय, हळू," कल्याण कुजबुजला. "त्यांना ऐकू जाईल."

आत पाणी थांबलं. तांब्या फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. हळूच ठेवला, कोणी कान देऊन उभं राहावं तसा.

मी आवाज चढवला.

"जाऊ दे ऐकू! अर्पिता, तू बी ऐक. जिला आपल्या घरातली माणसं मोजता येत न्हाईत, तिनं घर लावायच्या भानगडीत पडू नये."