कोलूची तहान

सन अठ्ठ्याऐंशीचा फाल्गुन. पोंभुर्ण्याचा देवराव खोब्रागडे फौजेतून सुट्टीवर आला होता. एटापल्लीला एसटीतून उतरून तो सूरजागडच्या डोंगराकडे पायीच निघाला. काम साधंच होतं. पलटणीतला मित्र कोलू मडावी समुद्रापलीकडे जाफन्याच्या लढाईत मारला गेला, त्याच्या आईला भेटून यायचं.

मोठी चढाई होती ती. चार दिवसांत निकाल लागेल असं सांगितलं होतं. शहर हाती यायला पंधरवडा गेला आणि तोवर समोरचे लढणारे रानात पांगले. संपायची ती लढाई तिथून खरी सुरू झाली. कोलूचा पाय चढाईच्या दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, ताडांच्या रांगेत सुरुंगावर पडला. पलटणीला थांबायचा हुकूम नव्हता.

देवराव पोचला तेव्हा गाव मोहफुलं वेचायला गेलेलं. त्या फुलांचा उग्र गोड वास अंगणात साचला होता. घरी एकटी म्हातारी सोमारी.

मी त्याच्या पलटणीतला, एवढंच तो म्हणाला. नाव सांगायला जीभ वळली नाही. सोमारीनं आंबील दिली. ती पिऊन त्यानं वाटभर घोकलेलं वाक्य म्हटलं, "बाई, तो जागच्या जागी गेला. त्याले काई समजलंच नाई."

सोमारीनं दाराकडे बोट केलं.

"मंग दिवाळीपासून दारात येते तो कोन? उन्ह डोक्यावर आलं का पानी मागते. माह्या हातचं घेत नाई. म्हन्ते, देवरावभाऊ, पानी दे..." मग तिनं हळूच विचारलं, "तुमचं नाव काय, बाबू?"

त्या दुपारी कोलूनं देवरावचा पाय धरला होता. हेच शब्द म्हणाला होता. देवरावच्या कमरेला भरलेली बाटली होती, आणि तो पाय सोडवून पुढे निघून गेला होता.

दाणे टिपणाऱ्या कोंबड्या एकाएकी छपराखाली सरकल्या. मोहाच्या वासात जळक्या ताडाचा वास मिसळला. दाराबाहेरून, अगदी जमिनीलगत, आवाज आला.

"देवरावभाऊ..."

सोमारीनं पाण्यानं भरलेला भोपळ्याचा तुंबा देवरावच्या हातात दिला. अंगणात कोणी नव्हतं. तरी त्यानं गुडघे टेकले आणि धार सोडली. पाणी खाली जात होतं, पण माती भिजत नव्हती.

"पे, कोलू," तो रडत म्हणाला. "चुकलो मी."

तुंबा रिकामा झाला. कोणीतरी दीर्घ श्वास सोडल्यासारखं झालं. सोमारी मटकन खाली बसली. गेला, म्हणाली.

देवराव उठला, तोच कुंपणापाशी पुन्हा कोणी पाणी मागितलं. बाईचा आवाज. सोमारीला शब्द कळला नाही. तो मराठी नव्हता, गोंडीही नव्हता. देवरावला कळला. जाफन्यात पडलेल्या घरांखालून त्यानं तो ऐकला होता.

"तण्णी..."

मग तिच्यामागून आणखी एक आवाज. मग एका लहान मुलाचा.