शेवटचं कोण?

“ही भाकरी कुणी थापली?”

हंबीररावांचा आवाज चढला... गडबडीत राहीबाईच्या हातची भाकरी सासऱ्यांच्या ताटात गेली होती! सासूबाई चंद्राबाईंनी घाईघाईनं ती उचलून आपल्या हातची ठेवली. आणि गेली सहा वर्षं पचवलेला तो मूक अपमान थोरल्या सुनेनं आजही निमूट गिळला. पण आज तो पाहायला नणंद समोर होती.

“आबा, असं का?” सहा वर्षांनी आजच क्युबाहून कुंडलला परतलेल्या संयोगितानं विचारलं.

“तुला फूस लावून त्या बेटावर धाडली हिनं. तिच्या त्वांडानं कबूल केलंय!”

संयोगितानं चमकून दाराकडं पाहिलं. दाराआडून राहीबाईनं व्याकूळ होऊन मान हलवली... बोलू नको गं! आत्ता कुठं बाप लेकीशेजारी जेवायला बसला होता. एकदा आरोप आपणहून अंगावर घेतला की पुरावा कुणी मागत नाही, घरच्या सगळ्यांचीच सोय होते. आणि ती सोय राहीबाईनं जिवापाड जपली होती.

“बरं, तिकडं खाया तरी मिळायचं का?” हंबीररावांनी विषय वळवला.

“शहरात माणशी एक पाव, त्यो बी रेशनवर. दिवसातनं धा बारा तास लाइट न्हाई, कॉफीत भाजलेलं वाटाणं! खेड्यात मातूर आपल्यासारखाच ऊस, आन् बैलं बी.”

“आन् रांगंत तू हुबी? माझी लेक?”

“रांगंत हुबं ऱ्हात न्हाईत, आबा. माणसं सावलीला पांगल्याली. येणाऱ्यानं इचारायचं, ‘शेवटचं कोण?’ जो हात वर करंल, त्याच्या मागं आपला नंबर.”

“मधीच कुणी घुसलं तर?”

“घुसत्यात की! तितं काय समदी देवमाणसं हायती? पर शेवटचं कोण, ते समद्यांना ठावं असतंय.” ताट सारून ती उठली. “आपल्या घरात शेवटचं कोण, आबा?”

चंद्राबाईंची नजर दाराकडं गेली... आणि तिथंच खिळली.

“वैनी, तूच न्हवं? मग तुझ्या मागं मी!” संयोगिता उंबऱ्याशी तिच्या पाठीमागं जाऊन उभी राहिली. “आबा, हिनं मला धाडलं न्हाई. जाऊ नगं म्हणून पाय धरलं हुतं हिनं माझं! मीच ऐकलं न्हाई...”

हंबीररावांचा घास हातातच राहिला.

“थोरले... का गं बोलली न्हाईस?”

“बोलले असते तर लेकीला दार बंद झालं असतं, मामंजी.” राहीबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. “सुनंला कसलं दार? ती आतच असती.”

मग तो करारी म्हातारा आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात आला, आणि लेकीच्या मागं भिंतीला टेकून खाली बसला.

“हिच्या मागं माझा नंबर,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “थोरले, माझी भाकरी तूच थाप... पर आदी तुजं जेवाण हू दे!”

“व्हय, आन् तवर मी तव्याफुडं कुणाच्या नंबरात हाय?” चुलीशी परतलेल्या चंद्राबाईंनी डोळे पुसत फणकारा टाकला, आणि तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी सुनेच्या ताटात वाढली.