डाव्या अंगठ्याची खूण

रकाना १ : आरोपीचे नाव

तल्हा. अदिबाने नवऱ्याचं नाव पुन्हा वाचलं. खेड कोर्टाचं वॉरंट, चार वर्षांपूर्वीचं. गाडीखाली म्हातारा मेला, आरोपी जामिनावर सुटून पळाला. भारताने ताबा मागितला आणि इथे सौदीत हुफूफच्या पोलिसांनी तल्हाला दुकानातून उचललं. उद्या सुनावणी.

"तेव्हा तो सुट्टीवर गावीच होता, चाचा. पण गाडी त्याने चालवली नव्हती."

"मग कोर्टात तसं सांगायचं," मनीष म्हणाला. शेजारच्या अबकैक गावचा हा इंजिनिअर रिटायर फौजदार सिराजुद्दीनचाचांना गाडीतून सगळीकडे फिरवायचा.

"गुन्ह्याचा खटला तिकडे चालणार रे. इथे विचारतील, मागितलेला माणूस हाच का?" सिराजुद्दीन म्हणाले.

रकाना २ : ओळख

फाईलमध्ये जामिनाच्या कागदाची प्रत होती. डाव्या अंगठ्याचा ठसा लख्ख, रेघ न् रेघ मोजावी असा. मधून एक पांढरी, तिरकी चीर.

"तल्हा काय काम करतो?" सिराजुद्दीनांनी विचारलं.

"बिश्त शिवतो, शेखांचे झगे. बारा वर्षं डाव्या अंगठ्याखाली जरीचा दोरा दाबून धरतोय. सिमकार्डवाल्याचं मशीन त्याचा अंगठा घेतच नाही."

"माझाही ऑफिसात घेत नाही," मनीष म्हणाला.

"तू चिप्स खाऊन लावतोस."

अदिबाला हसू आलं नाही.

रकाना ३ : संमती

तिचा धाकटा भाऊ शारीक फॉर्म घेऊनच आला.

"आपा, दुलाभाईंची यावर सही घे. राजीखुशीने भारतात गेले तर लवकर सुटतील. इथे भांडलात तर नोकरी, राहायचा इकामा, सगळं खलास."

"गाडी कुणाची होती?" सिराजुद्दीनांनी विचारलं.

"त्यांचीच. मी तेव्हा मुंबईत होतो. पोलिसांना लायसन्ससुद्धा त्यांचंच दाखवलं गेलं."

अदिबाने कहवा पुढे केला. पेला धरताना त्याच्या डाव्या अंगठ्यावरचा कोयत्याचा जुना वण दिसला. लहानपणी तिनेच त्यात हळद भरली होती.

रकाना ४ : निष्कर्ष

"लायसन्स दाखवल्याचं या फाईलमध्ये कुठेच नाही," सिराजुद्दीन म्हणाले. "ते दाखवणाऱ्यालाच माहीत. तल्हाच्या अंगठ्याच्या रेघा जरीने कधीच्या खाल्ल्या, आणि इथे एकूण एक शाबूत. म्हणजे तल्हाच्या नावावर जामीन दुसऱ्याने घेतला. आता ही तिरकी चीर बघ, शारीक. आणि तुझा अंगठा दाखव."

शारीकने मूठ आवळली. "आपा, अम्मी मरेल गं."

"आणि माझा नवरा?"

 अदिबाने शारीकचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट उघडलं, हळद भरताना उघडलं होतं तसंच. त्याने सोडवून घेतला नाही. पूर्वीसारखाच रडत होता.

रकाना ५ : खऱ्या आरोपीचे नाव

सिराजुद्दीनांनी उद्या कोर्टात द्यायचा अर्ज पुढे सरकवला. एका हातात भावाचा अंगठा तसाच धरून तिने दुसऱ्या हाताने पेन उचललं.