शेळीनं खाल्लेलं समन्स

मोसंबीच्या बागेतून गवताचा भारा घेऊन मनकर्णा घरी आली, तर अंगणात एक अनोळखी तरुण उभा. अंगात खाकी कोट, एका हातात कागद, दुसऱ्या हातात खळीची डबी. चौकटीकडे या बाजूनं बघतोय, त्या बाजूनं बघतोय...

"काय हरवलं का?" तिनं भारा टाकत विचारलं.

"दार," तो म्हणाला.

मनकर्णेला हसू आवरेना. शनीच्या शिंगणापुरात घराला दार नसतं हे या शहाण्याला कुणी सांगितलंच नव्हतं! तो नगरच्या कोर्टातला नवा बेलीफ होता. नाव बन्सी. गाव पार अकोले तालुक्याच्या डोंगरात, जिथं पावसाळ्यात दाराला आतून अडसर लावल्याशिवाय झोप येत नाही.

"पुंजारामांचं हेच घर ना? त्यांच्यावर दावा झालाय. समन्स आहे."

मनकर्णेचं हसू मावळलं. शेजारचे काकासाहेब बरेच दिवस गुरगुरत होते, बांधावरची विहीर आपल्या एकट्याची म्हणून. शेवटी गेलेच कोर्टात. ते वादी, आणि तिचा भाबडा बाप प्रतिवादी. विहीर गेली की बाग वाळणार. आई गेल्यावर बापलेकीनं पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग.

"आबा घोडेगावच्या बाजाराला गेल्यात. द्या, मी घेते."

"तुमच्या हाती नाही देता येत." तो अवघडला. "प्रतिवादी नसला तर घरातल्या मोठ्या पुरुषमाणसाला द्यायचं. तोही नसला तर दाराला डकवायचं. कायदाच तसा आहे."

"मोट मी हाकते, मोसंबीचा सौदा मी करते, आन् कागद धराया माझा हात चालत न्हाई?"

"कायदा मी नाही केला. मी केला असता तर..."

"तर काय?"

"तर तुमच्याच हातात दिला असता," तो म्हणाला, आणि लगेच खळीच्या डबीत बोट घालून भलतीकडेच बघू लागला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या. मनकर्णेनं त्या पाहिल्या. का पाहिल्या, ते तिचं तिलाच ठाऊक!

अखेर त्यानं समन्स चौकटीला डकवलं. दूरवरून चालत आलेला माणूस, त्याला तसंच कसं पाठवायचं? तिनं चहा ठेवला. लढाईचे दिवस, साखरेला रेशन, म्हणून गुळाचा. बन्सी ओट्यावर बसून सांगू लागला, "वकील गाठा. कैफियत लिहून द्या, म्हणजे तुमची बाजू. तारखेला प्रतिवादी आलाच नाही तर कोर्ट वादीचंच ऐकतं आणि एकतर्फी हुकूम होतो."

"आन् तारीख कंची?"

ती चुलीपाशी वाकली होती. जाळाचा उजेड तिच्या गालावर नाचत होता, बागेतल्या बहराचा वास घरभर पसरला होता... बन्सीचं उत्तर ओठातच राहिलं. तेवढ्यात मागं कुरकुर वाजलं. अंगणातल्या शेळीनं मान उंचावून पिठाच्या खळीसकट समन्स ओढलं होतं आणि शेवटचा तुकडा ती डोळे मिटून चघळत होती. दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तो गेला तेव्हा तारीख सांगायची राहिली, आणि तिची पुन्हा विचारायची राहिली.

चूक दोघांची. भोगली मात्र बागेनं.

दुसरा कागद येईल म्हणून बापलेक थांबली, आणि होळीच्या सुमारास काकासाहेबांचे गडी विहिरीवर आले. हुकूम झाला होता, एकतर्फी. पुंजारामाची मोट त्यांनी उतरवून बांधावर ठेवली आणि फुलांनी लदबदलेली झाडं तहानेनं माना टाकू लागली. मनकर्णा बापाला घेऊन नगरला वकिलाकडे गेली. म्हातारे वकील म्हणाले, "समन्स रीतसर पोचलं नाही असं ठरलं, तरच हुकूम रद्द होईल. सगळं त्या बेलिफाच्या जबानीवर आहे."

कोर्टात बातमी कळली, तसा दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी बन्सी बागेत हजर. चेहरा पार उतरलेला.

"मी शपथेवर सांगतो, कागद डकवलाच नाही म्हणून. तुमची विहीर वाचेल."

सुकून पडलेली फुलं मनकर्णेच्या पायाखाली चुरत होती. हो म्हणायला जीभ अगदी टोकावर आली होती...

"नगं," ती म्हणाली. "इहीर गेली तर गेली. शपथ घिऊन खोटं बोललेल्या मान्साचं तोंड रोज सकाळी उठून मला न्हाई बघायचं."

"रोज?" बन्सीनं हळूच विचारलं.

आपण काय बोलून बसलो ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती जी पाठमोरी झाली, ती तो बांधापलीकडे जाईपर्यंत वळली नाही. खरं म्हणजे तिला त्याचा हात धरून थांबवावंसं वाटत होतं.

हुकूम रद्द करायच्या अर्जाच्या सुनावणीला पुंजाराम कोर्टात देवाचं नाव घेत बसला होता. मनकर्णा मागं, पदर घट्ट धरून. बन्सी पिंजऱ्यात उभा राहिला.

"समन्स डकवलं होतं का?" काकासाहेबांच्या वकिलांनी विचारलं.

"होय. चौकटीला."

काकासाहेब हसले. मनकर्णेनं डोळे मिटले. तिनंच तर सांगितलं होतं खरं बोल म्हणून. आता रडायचं कुणाच्या नावानं?

"पण साहेब, ते कुणी वाचायच्या आत शेळीनं खाल्लं. माझ्या डोळ्यांदेखत."

कोर्टात खसखस पिकली. जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "हे अहवालात का नाही लिहिलं?"

"लाज वाटली, साहेब."

"निदान तारीख तोंडी सांगायची!"

"विसरलो."

"विसरलात? कशानं?"

बन्सीनं कठडा धरला. घाम पुसला. नोकरी, अब्रू, सगळं त्या एका उत्तरावर होतं.

"मी... प्रतिवादींच्या मुलीकडं बघत होतो."

हशा असा उठला की बाहेरचा पट्टेवाला आत डोकावला. फक्त मनकर्णा हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. भर कोर्टात, शपथेवर, हे सांगणारा माणूस तिनं कधी ऐकला नव्हता.

जज्जसाहेबांनी बेलिफाला कडक शब्दांत झापलं, त्याचं पुढं काय करायचं ते सोमवारी बघू म्हणाले, आणि हुकूम रद्द केला. दावा नव्यानं चालणार, प्रतिवादीनं कैफियत द्यायची, तोवर विहिरीवर मोट दोघांचीही चालेल.

बाहेर लिंबाखाली बन्सी खाली मान घालून उभा होता. पुंजाराम तरातरा त्याच्याकडे गेला. मनकर्णा घाईनं त्याच्या मागोमाग गेली.

"लगीन झालंय का तुमचं?" पुंजारामानं दरडावून विचारलं.

"न्हाई," बन्सी म्हणाला. घाबरला की त्याच्या तोंडून घरची बोली निघायची. "पन नोकरीचं आता काय खरं न्हाई, आबा."

"ते मी कुठं इचारलं?"

पुंजाराम लेकीकडे वळला. भाबडा बाप, पण तिला पुरता ओळखून होता. "काय गं मने? तुझं काय म्हननं हाय?"

मनकर्णेनं बन्सीकडे सरळ पाहिलं. आजवर असं कुणाकडे तिनं पाहिलं नव्हतं.

"सोमवारी नोकरी गेली तर मंगळवारी बागंत या," ती म्हणाली. "आन् राहिली, तरी या."