बारा विती

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी एकच्या सुमाराला जहूरमिया खाली मुनीरच्या दुकानातून खुबूसच्या रोट्या आणि दही घेऊन वर आले. दुबईच्या अल कुसैसमध्ये त्या वेळेला रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नाही. मुलगा राहिल आणि सून हलिमा ऑफिसात. घरात एकटा म्हातारा आणि एसीची घरघर. उन्हासाठी खिडकीच्या काचांना चंदेरी कागद चिकटवलेला, त्यामुळे भर दुपारी खोलीत तिन्हीसांज.

जेवून त्यांनी बायकोच्या, मरियमबीच्या, खुर्चीवरची पिशवी उघडली. मरियमबीला जाऊन दोन महिने झाले होते. पिशवीत तिने अर्धं सोडलेलं लोकरीचं पांघरूण होतं, पांढरं, निळ्या काठाचं. वीस दिवसांनी हलिमा बाळंतपणाला रत्नागिरीला जाणार होती. पांघरूण तिच्या बॅगेत गेलं पाहिजे, एवढंच जहूरमियांनी मनाशी धरलं होतं.

घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला मरियमबीच्या हातचं पांघरूण मिळालं होतं. तिच्या वितीने सहा विती. कपाटाशेजारच्या भिंतीवर तिने वितीवितीला पेन्सिलीची खूण केली होती. सहावीपर्यंत पोरांच्या. त्यावर थेट बारावीपर्यंत जहूरमियांच्या. "तुमचं सगळ्यांत शेवटी," ती म्हणायची. "निवांत बसू तेव्हा."

शेवटच्या महिन्यात तिची बोटं आखडली. मग ती बिछान्यातून सांगायची, सुलटा, उलटा, आणि सुया जहूरमिया चालवायचे. तरुणपणी मासेमारीची जाळी विणलेला हात. "यातून मासा काय, होडी निघून जाईल," म्हणत ती त्यांची ओळ उसवायला लावायची. ढिला टाका तिने कधी घराबाहेर जाऊ दिला नाही.

त्या दुपारी जहूरमियांनी चार बोटं विणलं आणि खुशीत पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहतात तर चार बोटं नव्हतीच. लोकर नीट गुंडाळून ठेवलेली, पण धागा नागमोडी. उसवलेल्या लोकरीचा असतो तसा.

त्यांनी पुन्हा विणलं. पुन्हा तेच.

हलिमाला विचारलं, तर ती हसली. तिला सुई धरता येत नव्हती, उसवणार कुठून? अब्बांनी दुपारचं जरा झोपावं, असं मात्र ती राहिलला हळूच म्हणाली.

तिसऱ्या दुपारी विणून झाल्यावर ते खरंच आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. डोळा लागला नव्हता. थोड्या वेळाने खोलीत बामाचा वास आला. मरियमबी बोटांना लावायची तो. ती गेल्यावर हलिमाने बाटली टाकून दिली होती. मग खुर्ची करकरली... आणि आवाज आला, अगदी बारीक. सर्र... सर्र... ओढलेल्या धाग्याचा.

वळायचा धीर झाला नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी भिंतीलाच विचारलं, "ढिलं झालं काय गं?"

आवाज थांबला.

दुसऱ्या दिवसापासून जहूरमिया दुपारभरात एकच ओळ विणू लागले. प्रत्येक टाका नखाने ओढून पाहायचे. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरी मात्र सुईवर तशीच राहिली. त्या दिवशी ते मुनीरच्या दुकानात जाऊन उगाच चहा पिऊन आले. पुढे हात बसला आणि ओळी भराभर वाढत गेल्या. एकही उसवली नाही.

हलिमाच्या विमानाच्या आदल्या दिवशी पांघरूण सहाव्या खुणेला लागलं. ते घेऊन जहूरमिया खाली गेले. मुनीरने काउंटरवर पसरून हात फिरवला. मरियमबींचा हात लपत नाही, म्हणाला.

"अर्धं माझं आहे," जहूरमिया म्हणाले. "कुठून, ते दाखव."

मुनीरने चष्मा लावून शोधलं. गिऱ्हाइकांनी शोधलं. जोड कुणाला सापडला नाही. जहूरमियांनी घडी घातली आणि मान ताठ ठेवून ते जिना चढले.

हलिमाला विमानतळावर सोडून आले, तेव्हा डब्यात बंद केलेल्या सुया खुर्चीवर होत्या. सुईवर टाके घातलेले, बारीक, घट्ट. करडी लोकर. त्या घरात करडी लोकर कधीच आणली नव्हती.

जहूरमियांनी त्या विणीला हात लावला नाही. ती रोज बोटभर वाढत गेली. ऑगस्टमध्ये नात झाली, कशफ. फोटो आला. पांढऱ्या पांघरुणातून इवलंसं तोंड बाहेर. तो त्यांनी इमारतीतल्या दारोदार दाखवला.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्यांनी करडं पांघरूण भिंतीला लावून पाहिलं. अकरा विती. एक वीत राहिली, म्हणजे बारा बोटं, बारा दिवस. राहिल ऑफिसला निघाला होता. कशफ कधी येते, त्यांनी विचारलं.

"पंधरा दिवस राहिले, अब्बा. इन्शाल्ला."

दुपारी ते भिंतीकडे तोंड करून पडले. बामाचा वास आला. सुया वाजू लागल्या. टिक... टिक...

"मरियम," ते म्हणाले, "पोरीला एकदा मांडीवर घेऊ दे."

सुया थांबल्या. एसीसुद्धा थांबल्यासारखा वाटला. मग, किती वेळाने कोण जाणे... सर्र... सर्र...

बराच वेळ चाललं होतं. किती बोटं उसवली, ते वळून पाहायचा धीर जहूरमियांना झाला नाही.