नव्या टेबलाची जुनी कड

"सगळ्यात खरखरीत पॉलिशपेपर द्या," रंगाच्या दुकानात ती म्हणाली, "आणि एखादी जाडजूड साखळी."

"लाकडावर कसला सूड उगवायचाय?" मागून कुणीतरी विचारलं.

ती वळली. पॉलिशवाला होता, हे बोटांवरूनच कळत होतं. नखांच्या कडांना कधीच न निघणारा चॉकलेटी रंग, हातात लाखेची पुडी. तिने तुटकपणे सांगितलं, की नवं टेबल आहे आणि ते पंधरा दिवसांत जुनं दिसायला हवंय. तो हसला नाही, म्हणूनच ती पुढचं बोलली असावी. आपण जन्मभर जुन्याचं नवं करत आलो, तो म्हणाला, उलटं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटतंय. बघायला येऊ का?

गॅलरीत उभ्या त्या टेबलाभोवती त्याने एक फेरी मारली. आदल्या रात्री तिने ते टेबल किल्ल्यांच्या जुडग्याने बदडून काढलं होतं.

"हे जुनं नाही झालं," तो म्हणाला, "हे मार खाल्लेलं झालं."

मग तिने सगळं सांगितलं. आप्पा, म्हणजे तिचे वडील, छापखान्यात मुद्रितशोधक होते. तीस वर्षं लोकांच्या चुका त्यांनी घरच्या एका हिरव्या टेबलाशी बसून काढल्या. लहानपणी त्या टेबलाखाली तिचं घर असायचं, आणि आप्पांचे दोन पाय म्हणजे त्या घराचे खांब, तासन्‌तास न हलणारे. आप्पा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दादाकडे गेलेले असताना तिने एकटीने घर बदललं. सामान उतरवताना टेबलाचा एक पाय निखळला, टेम्पोवाला घाई करत होता, आणि तिने ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. दुसऱ्याच दिवशी फोनवर आप्पांनी विचारलं, टेबल खिडकीशी ठेवलंस ना? ती "हो" म्हणून गेली. धावत भंगारवाल्याकडे पोचली, तोवर टेबलाचं सरपण झालं होतं. मग तिने तसंच नवं करून घेतलं; आप्पा यायला पंधरा दिवस होते.

"रागावतील?"

"रागावले तर बरं. खोटं पकडलं की आप्पा त्या माणसाला काही विचारायचंच सोडून देतात. एका प्रगतिपुस्तकावरच्या खोट्या सहीसाठी दादाला त्यांनी दोन वर्षं काही विचारलं नव्हतं. जेवलास का, एवढंसुद्धा. आणि ऑपरेशननंतर तर म्हणे मुंगीचे पायही मोजता येतात त्यांना."

पॉलिशवाल्याने खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला. झीज सगळीकडे सारखी नसते, त्याने समजावलं. माणूस जिथे टेकतो तिथेच लाकूड झिजतं. आधी तपकिरी रंग द्यायचा, झिजलेल्या जागी मेण चोळायचं, वरून हिरवा. मेणावर हिरवा धरत नाही. घासला की खालचा तपकिरी उघडा पडतो, वर्षानुवर्षं हात फिरल्यासारखा.

"ते बसायचे कसे? बसून दाखवा."

ती खुर्ची ओढून बसली. कोपर असा, कप इथे, कागदांचा गठ्ठा तिथे. तो तिच्या कोपराशी वाकून मेण चोळत राहिला.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. बाहेर भुरभुर चालू असायची... ओल्या मातीचा आणि रंगाचा वास गॅलरीत एकमेकांत मिसळायचा. तो बोट लावून बघायचा आणि मान हलवायचा — अजून वाळला नाही, उद्या बघू.

"आप्पांचं अजून सांगा."

"सगळं सांगून झालं."

"मग पुन्हा सांगा. रंग ओला आहे."

आणि ती पुन्हा सांगायची. छापखान्याच्या भोंग्याचं, आप्पांच्या खिशातल्या लाल पेन्सिलीचं, पहिलीत तिने लिहिलेल्या पत्रातल्या चुका दुरुस्त करून आप्पांनी ते परत पाठवल्याचं. तो हसायचा, आणि ब्रश डब्यातच राहायचा.

ठरल्या रविवारी आप्पा आले. टेबल खिडकीशी सरकवायला पॉलिशवाला आलाच होता. आप्पा खुर्ची ओढून बसले. कडेवरून हात फिरवला, मग वाकून खालची पाय टेकायची पट्टी बघितली.

"हे माझं नाही."

भंगारवाला, फोन, साखळी, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

"मी डावखुरा आहे," आप्पा म्हणाले, तिसऱ्या पानावरची चूक दाखवावी तसे. "इथे उजवी कड झिजलीय. कपाचा डाग डावीकडे. आणि ही पायपट्टी एका टोकाला घासलीय. बोलताना पाय हलवायची सवय या घरात कुणाला आहे?"

तिचा हलणारा पाय थांबला. आप्पांचा डावा हात तिच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो सांगायचाच राहिला होता, आणि बसून दाखवताना ती आपल्याच सवयीने उजवं कोपर टेकून बसली होती. पण पायाचं तर...

"पायाचं मी काही बोललेच नव्हते," ती पॉलिशवाल्याला म्हणाली.

"नव्हतीस." तो नखाच्या कडेचा रंग खरवडत होता. "तू आप्पांचं सांगायचीस, मी ऐकायचो. पण बघायचो... तुझ्याकडे. हात आपोआप तसा चालला."

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. आप्पांनी सवयीने नाकावरचा चष्मा सारखा केला, जो आता तिथे नव्हता.

"फोनवरचं खोटं माझ्या लक्षात राहील," ते म्हणाले. मग मुलीकडे बघत — "बरं, याच्याबद्दल तुझं काय म्हणणं आहे?"

तिचे डोळे भरून आले. आप्पांनी तिला विचारलं होतं.

"रंग दोन तासांत वाळतो," ती कशीबशी म्हणाली. "डब्यावर लिहिलंय. मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं."

ते टेबल आजही खिडकीशी आहे. संध्याकाळी ती त्यावर काही लिहीत बसते, पॉलिशवाला समोर बसून तेच जुने किस्से पुन्हा सांगायला लावतो. उजव्या कडेला मेणाची झीज कुठे संपते आणि तिच्या कोपराची कुठे सुरू होते, ते आता त्यालाही सांगता येत नाही.

डावी कड मात्र अस्सल आहे. तिथे कुणी मेण लावलं नव्हतं. ती आप्पांनी झिजवली, नऊ वर्षं बसून.